फेरमाप

रशीदभाईंच्या हातात काहीही दिलं की ते आधी त्याचं वजन सांगायचे, मग बाकीचं बोलायचे. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी जुन्या स्केट्सची गोणी खांद्यावर टाकून एस.टी. स्टँडपासून मार्केट यार्डापर्यंत चालत आले होते, घामाघूम. नमस्कार-चमत्कार राहिला बाजूला. त्यांनी गोणी माझ्या खांद्यावरून घेतली, हातात दोनदा खालीवर केली आणि म्हणाले, "सव्वाअकरा किलो. मॅडम, एवढं तुमी चालत आणलं? पाठ मोडून घ्यायची हाय का?" मला तेव्हा खेळशिक्षिका होऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि कुणी काही सांगितलं की ते तपासून पाहायची खोड होती. मी गोणी काट्यावर ठेवली. अकरा किलो तीनशे. मी विजयी सुरात सांगितलं, पन्नास ग्रॅम चुकले तुम्ही. ते जराही न हसता म्हणाले, "खाली ओली हाय ती. स्टँडवर पाण्यात ठिवली हुती का?" ठेवली होती.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथले लोक वाचतात आणि मग फोन करून भांडतात. कर्जतपासून (मुंबईजवळच्या नव्हे) अर्ध्या तासावर आहे एवढं पुरे. गावात बघण्यासारखं काही असेल तर तो कांद्याचा मार्केट यार्ड, आणि यार्डात बघण्यासारखं म्हणजे रशीदभाई मापाडी. लिलाव झाला की माल काट्यावर जातो. तिथे उभा राहून वजन बोलतो तो मापाडी. तो शेतकऱ्याचाही नसतो आणि व्यापाऱ्याचाही नसतो, निदान नसायला पाहिजे. रशीदभाई खरोखरच नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. पांढरा पायजमा, बाह्या दुमडलेला सदरा, खांद्यावर चौकड्यांचा टॉवेल आणि काट्याजवळ आले की पायांत काही नाही. काट्याच्या पाटाला चप्पल लागलेली त्यांना खपत नसे.

त्यांच्या दोन रीती साऱ्या यार्डाला पाठ होत्या. एक म्हणजे पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही. बाकीचे मापाडी 'लाभ' म्हणत, रशीदभाई 'बरकत' म्हणत. बरकत, दोन, तीन, चार, असं पुढे. दुसरी रीत त्यांची स्वतःची होती. काटा स्थिर झाला की ते आकडा लगेच बोलायचे नाहीत. शेतकऱ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "तुमी बघितलं का?" त्याने मान हलवली की मगच आकडा, तोही तीनदा, साऱ्या शेडला ऐकू जाईल असा. इलेक्ट्रॉनिक काटे आले, लाल आकडे लांबून दिसायला लागले, तरी यांचं 'तुमी बघितलं का' चालूच. व्यापारी वैतागायचे. "अहो चाचा, उरका की! गाड्या खोळंबल्यात." चाचा उरकत नसत.

आता या माणसाचा आणि हॉकीचा काय संबंध, असं कुणीही विचारील. तेही बर्फावरच्या हॉकीचा! आमच्याकडे बर्फ दोनच ठिकाणी दिसतो, मासळीवाल्याकडे आणि लग्नातल्या सरबतात.

संबंध जुळवला तो कर्जतच्या एका निवृत्त सुभेदारांनी. त्यांची नोकरी लडाखला झाली होती आणि तिथे गोठलेल्या तळ्यावर जवान हॉकी खेळत तेव्हा हेही खेळले होते. गावी आल्यावर त्यांना काही केल्या चैन पडेना. बर्फ नाही तर नाही, चाकाच्या स्केटवर खेळू म्हणाले. कुठून कुठून जुन्या स्केट्स जमवल्या, बाभळीच्या काठ्या करून घेतल्या, सुताराकडून लाकडाची चकती करून तिच्या कडेला काळी रबरी पट्टी ठोकली. चार शाळांच्या चार टीम झाल्या: सोनई, कर्जत, खर्डा आणि आम्ही. प्रत्येक टीममध्ये आठ मुलं, मुली धरून. गुळगुळीत जमीन लागते म्हणून सामने आमच्या यार्डात, कांद्याच्या शेडमध्ये. तिथला कोबा पोळपाटासारखा सपाट होता. सोमवार, बुधवार, शनिवार लिलाव. रविवारी हॉकी. पावसाळ्यात सुरुवात, दिवाळीच्या आधी शेवट.

मी मोबाईलवर बर्फावरच्या खेळाचा व्हिडिओ लावून मुलांना दाखवत होते तेव्हा रशीदभाई मागून डोकावले.

"ही माणसं पाण्यावर पळत्यात का काय?"

"बर्फ आहे रशीदभाई. तळं गोठतं तिकडे."

"आपलं तळं गोठायचं म्हणजे आधी त्यात पाणी पायजे," म्हणाले, आणि खराटा घेऊन कोबा झाडायला लागले. कांद्याचं एक टरफल जरी चाकाखाली आलं तरी पोर आडवं होतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या दिवसापासून दर रविवारी सामन्याच्या आधी शेड तेच झाडायचे. कुणी सांगितलं नव्हतं.

पंच कोण, यावरून मात्र पहिल्याच बैठकीत जुंपली. चार शाळांचे चार शिक्षक आणि कुणाचाच कुणावर विश्वास नाही. अर्धा तास आरडाओरडा झाल्यावर सोनईचे सर म्हणाले, "तुमच्या काट्यावर तो म्हातारा मापाडी हाय ना? आमच्या वडिलांनी एकदा हितं माल आणला हुता. तो असला तर आपल्याला मान्य." खर्ड्याचे सरही लगेच हो म्हणाले. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. आमच्याच गावचा पंच आणि तोसुद्धा पाहुण्यांनी मागून घेतलेला! यापेक्षा काय हवं? मला तेव्हा रशीदभाई कळले नव्हते, दुसरं काय!

नियम त्यांनी माझ्याकडून मराठीत लिहून घेतले आणि आठवडाभर यार्डातल्या चहाच्या टपरीवर बसून वाचले. मग शिट्टी गळ्यात घालून अनवाणी उतरले. स्केटवरची सोळा पोरं सुसाट पळतायत आणि मधून एक साठीचा माणूस टॉवेल सावरत अनवाणी धावतोय, असं ते दृश्य होतं. पहिला गोल झाला तेव्हा त्यांनी हात वर करून आरोळी दिली, "कर्जत, बरकत! बरकत! बरकत!" सुभेदारांनी कपाळाला हात लावला. पोरांना मात्र ते इतकं आवडलं की पुढे पहिला गोल मारणाऱ्याला कुणी 'गोल मारला' म्हणेचना, 'बरकत आणली' म्हणायचे.

आणि ती दुसरी रीत. कुणी कुणाला काठी घातली की शिट्टी वाजायची, खेळ थांबायचा आणि रशीदभाई त्या पोरासमोर जाऊन उभे राहायचे. ओरडायचे नाहीत. विचारायचे, "तू बघितलंस का?" आणि वाट बघायचे. पोरगं आधी इकडेतिकडे बघायचं, मग छताकडे, मग स्वतःच्या स्केटकडे. रशीदभाई हलायचे नाहीत. शेवटी मान हलायची. मगच दोन मिनिटं बाहेर. सोनईचं एक टारगट पोरगं होतं, ते एकदा चार मिनिटं मान हलवेना. आम्ही सगळे ताटकळत उभे. पाचव्या मिनिटाला रडत म्हणालं, "बघितलं चाचा, मीच मारली काठी, पन आता सोडा की!" त्याच्या सरांनी नंतर मला सांगितलं की त्या पोराने वर्षभरात कबूल केलेली ही पहिली गोष्ट.

एकदा पाळी माझ्यावर आली. कर्जतशी सामना होता. आमच्या विरुद्ध गोल दिला म्हणून मी कडेवरून किंचाळले, "आत गेली नव्हती! साफ बाहेर होती!" रशीदभाईंनी खेळ थांबवला, सारी शेड ओलांडून माझ्यापाशी आले. "मॅडम, तुमी बघितलं का?" मी खरं तर त्या क्षणी डबा उघडत होते. आठ पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "नाही." "मंग ठीक," म्हणाले आणि परत गेले. मला इतका राग आला की दोन दिवस मी यार्डाच्या रस्त्याने गेले नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या टपरीवर जाऊन चहा प्यायले.

गोलाच्या जाळ्याही त्यांनीच केल्या. कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या उसवून, दाभणाने सुतळीत ओवून, पांढऱ्या रंगाच्या लोखंडी पाइपांना शिवल्या. मी शेजारी बसून बघत होते. हात असा सरसर चालायचा की बघत राहावं. शिलाईच्या शेवटी सुरगाठ. यार्डात गोणीचं तोंड तसंच शिवतात, घेणाऱ्याला एका हिसक्यात उघडता यावं म्हणून. चाळीस वर्षांच्या हाताला दुसरी गाठ माहीतच नव्हती. मलाही तेव्हा काही खटकलं नाही. उलट मी म्हणाले, काय सुंदर शिवलंय हो!

आमच्या टीमची कॅप्टन आरती. यार्डातल्या हमालाची मुलगी, तेरा वर्षांची, तोंडाने फटकळ आणि स्केटवर वाऱ्यासारखी. रशीदभाईंच्या मांडीवर वाढलेली म्हटलं तरी चालेल, कारण तिची आई शेडमध्ये कांदा निवडायची आणि ही काट्याशेजारी गोणीवर झोपायची. ती त्यांची लाडकी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांना स्वतःलाही. म्हणून तिच्या बाबतीत ते दुप्पट कडक असायचे. सर्वांत जास्त वेळा बाहेर बसलेली खेळाडू कोण, तर आरती.

खर्ड्याची गोलकीपर कोमल. बारकीशी, अबोल. तिचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि दिवाळीच्या सुमाराला टोळी निघाली की हिलाही घेऊन जायचे, धाकट्या भावाला सांभाळायला. सहा महिने शाळा नाही, हॉकी नाही. तिच्या सरांनी हे मला सहज सांगितलं होतं आणि मी सहज ऐकलं होतं.

त्या हंगामात सुभेदारांनी ढालीशिवाय आणखी एक बक्षीस जाहीर केलं आणि साऱ्या शेडला वेड लागलं. जिंकणाऱ्या टीमला ते मुंबईला नेणार होते, एका मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर. खऱ्या बर्फावर, दिवसभर. एकच टीम, आठच मुलं, त्यांच्या ऐपतीत तेवढंच बसत होतं. आमच्या पोरांनी त्या दिवसापासून दुसरा विषय काढला नाही. बर्फ पायाला चावतो का, स्केट रुतते का, पडलं तर कपडे भिजतात का! मी नगरला गेले (नाव बदललं तरी माझ्या जिभेवर अजून नगरच आहे) आणि कापडबाजारातून लोकरी हातमोज्यांचे आठ जोड घेऊन आले. फायनलच्या आधीच. मुलांना दाखवलेसुद्धा. हा माझा शहाणपणा.

फायनल आमची आणि खर्ड्याची. साखळीत खर्डा पहिला, आम्ही दुसरे. नियम असा होता की फायनल बरोबरीत सुटली तर साखळीत जो वर, त्याची ढाल. म्हणजे आम्हाला जिंकावंच लागणार होतं. शेडभर माणसं. हमाल, व्यापारी, कांदा निवडणाऱ्या बायका, सगळे. दोन-दोन झाले. एक मिनिट राहिलं. आरतीने चकती कोपऱ्यातून ओढून आणली आणि अशी हाणली की मला ती दिसलीच नाही. जाळी हलली ती मात्र दिसली. चकती आत पडली होती.

रशीदभाईंनी हात वर केला. "तीन! तीन! तीन!"

मग काय विचारता! हमालांनी आरतीला डोक्यावर घेतलं. मी चप्पल हरवली. कोणीतरी भंडारा उधळला आणि कोब्यावर पिवळा सडा पडला. या सगळ्या गोंधळात कोमल गोलापुढे एक हात वर करून उभी होती, वर्गात उभी राहावी तशी. मी पाहिलं ते. मला वाटलं, बिचारी, रडायला आली असेल. तिच्या सरांनी तिला हाताला धरून जीपमध्ये बसवलं आणि ते गेले.

दिवेलागणीला रशीदभाई माझ्या खोलीच्या दारात आले. काखेत जाळीची गुंडाळी. दुसऱ्या दिवशी लिलाव म्हणून जाळ्या सोडायला गेले होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच बसले आणि जाळी पसरली. बाजूची शिलाई वीतभर उसवलेली होती. सुतळीचं टोक मोकळं लोंबत होतं.

"माझीच गाठ," म्हणाले. "सुरगाठ. कुनाची तरी काठी अडकली आसंल आन् सुटली. चकती पुढनं न्हाई गेली मॅडम. बाजूनं गेली. पाइपाला भायेरच्या अंगाला काळा वरखाडा हाय, रबराचा. मी आता बघून आलो."

मी म्हणाले, "ओरखडा आधीचा असेल."

"सकाळी मीच पाइप पुसले."

"रशीदभाई, खेळ संपला. शिट्टी झाली. आता कशाला उकरायचं?"

ते म्हणाले, "मी तिला इचारलं न्हाई. ती पोरगी हात वर करून उभी हुती. चाळीस वर्सांत असं झालं न्हाई की माप बोललो आन् समोरच्याला इचारलं न्हाई. आज इचारलं न्हाई. का? तर आपली आरती हुती. मला जे बघायचं हुतं ते मी बघितलं."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला हातमोज्यांचे आठ जोड दिसत होते, हेडमास्तरांना मी संध्याकाळी केलेला फोन ऐकू येत होता आणि उद्या पेपरवाला फोटो काढायला येणार होता. मी वकिली केली. म्हणाले, "तुमच्याच यार्डाचा नियम ना, गाडी फाटकाबाहेर गेली की फेरमाप नाही? मग? खर्ड्याची जीप गेली फाटकाबाहेर."

"तो नियम शेतकऱ्याला आन् व्यापाऱ्याला. मापाड्याचं चुकलं तर त्येला फाटक न्हाई."

"निदान दिवाळी होऊ द्या. पोरं बर्फ बघून येतील. मग सांगा काय सांगायचं ते."

"गुरवारी तिची टोळी जाती," रशीदभाई म्हणाले. "मंग कुनाला इचारू?"

आणि मग मी ते बोलले. आजही आठवलं की अंगावर काटा येतो, पण लिहायचंच तर लिहिते. मी म्हणाले, "ऊसतोडीच्या पोरीने बर्फ नाही बघितला तर काय बिघडणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. गळ्यातली शिट्टी काढली, उंबऱ्यावर ठेवली, जाळी गुंडाळली. "ज्येचं माप चुकलं त्यानं त्या हंगामात काट्याला हात लावायचा न्हाई," म्हणाले. उठले. दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "ते हातमोजे द्या."

मी दिले. आदळून दिले, खोटं कशाला सांगू.

सोमवारी भर हंगामात लिलावाच्या दिवशी रशीदभाई काट्यावर नव्हते. असं कधी घडलं नव्हतं. जामखेडला एस.टी. बदलून ते दुपारी खर्ड्याला पोचले. पुढचं मला खर्ड्याच्या सरांनी फोनवर सांगितलं. कोमल घरासमोर पत्र्याच्या पेटीत भांडी भरत होती. रशीदभाई तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. जाळी तिच्या पायाशी ठेवली आणि विचारलं, "तू बघितलंस का?"

तिने आईकडे बघितलं, सरांकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हय चाचा. बाजूनं आली हुती. मी हात वर केल्ता."

"मी बघितला हुता तुजा हात," रशीदभाई म्हणाले. "इचारायचं ऱ्हायलं. माज्याकडनं चुकलं, पोरी." आणि तिथे, त्या वस्तीवर, चार माणसं जमलेली असताना, त्यांनी हात वर करून तीनदा सांगितलं, "दोन-दोन! दोन-दोन! दोन-दोन!"

बरोबरी. म्हणजे ढाल खर्ड्याची आणि बर्फही खर्ड्याचा. सुभेदारांनी मंगळवारीच मुलांना न्यायचं ठरवलं, कोमल निघायच्या आधी. खर्ड्याच्या सरांच्या मदतीला आणखी एक मोठं माणूस हवं होतं. मुलांनी एका आवाजात सांगितलं, चाचा. ते नको नको म्हणत असताना त्यांना गाडीत कोंबलं.

इकडे आमच्या गावात काय झालं ते विचारू नका. हमाल म्हणाले, म्हाताऱ्याला येड लागलं, घरच्या पोरांचं काढून खर्ड्याला दिलं. पेपरवाला येऊन परत गेला. आरतीने स्केट्स काढून माझ्या टेबलावर आपटल्या. "त्या चाचाशी मी मरेपर्यंत बोलनार न्हाई," म्हणाली आणि हुंदके देऊन रडली. मी तिला समजावायला पाहिजे होतं. मी मान डोलावली. त्याच दिवशी माझ्या बदलीची ऑर्डर आली होती, नगरला, मी मागितलेली. मला वाटलं, बरं झालं, सुटले.

गुरुवारी दुपारी सामान बांधत होते तर शाळेचा शिपाई सांगत आला, चाचा सगळ्यांना शेडमध्ये बोलावतायत. पोरं जायला तयार नव्हती. मीच घेऊन गेले, का ते मला आजही सांगता येत नाही. शेड रिकामी, नुकती झाडलेली. मधोमध रशीदभाई अनवाणी बसलेले, डोळे जागरणाने लाल. समोर हातमोजे आणि एक स्टीलचा थर्मास.

"आधी ह्ये घ्या," मला म्हणाले. "सात जोड हायेत. मोजून घ्या. एक कोमलच्या हातात ऱ्हाऊ दिला. उसाच्या पाचटानं हात कापत्यात. म्हनलं, मॅडम काय म्हननार न्हाईत."

मी मोजले नाहीत.

"आन् ह्ये तुमचं," पोरांना म्हणाले. थर्मासचं झाकण फिरवलं. "तितलं मशीन बर्फ खरवडतं, त्येचा ढीग लावत्यात भायेर. मी इचारून घेतला. काठोकाठ भरला हुता, दाबून." त्यांनी आत डोकावलं आणि त्यांचा चेहरा पडला. चाळीस वर्षं दुसऱ्यांची मापं भरणाऱ्या त्या माणसाने मान खाली घातली. "पानी झालं. आन् चार बोटं कमी भरतंय. वाटंत सांडलं न्हाई, शपथ. पन कमी हाय. माप कमी आनलं मी तुमाला."

आरती लांब खांबाला टेकून, तोंड फिरवून उभी होती. मला वाटलं ती आता निघून जाणार. ती पुढे आली, थर्मासमध्ये बघितलं, नाक ओढलं आणि हमालाच्या पोरीसारखी रोखठोक म्हणाली, "चाळीत साठवलेला कांदा पन वाळून घटतोच की चाचा. घट धरायची. चालतंय."

रशीदभाईंनी टॉवेल तोंडाला लावला. किती तरी वेळ काढलाच नाही.

मग त्यांनी पोरांना ओळीने बसवलं. थर्मासचं झाकण हेच माप. "हात पुढं करा. पिऊ नका रं, मशीनचं हाय." एकेकाच्या ओंजळीत एक झाकण, काठाला काठ लावून, ना थेंब कमी ना जास्त. पहिली ओंजळ आरतीची. "बरकत," ते म्हणाले. आवाज बसलेला होता, तरी म्हणाले. मग दोन, तीन, चार. पाणी अजून गार होतं. इतकं गार की पोरं किंचाळली, हसली, एकमेकांच्या गालाला हात लावायला लागली. "बर्फ चावतो! आरे, चावतो!" आठ झाले.

थर्मासमध्ये एक झाकण उरलं होतं. उरवलं होतं. त्यांनी ते भरलं आणि माझ्याकडे बघितलं. उंबऱ्यावरच्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच.

"मॅडम, हात."

मी म्हणाले, "मला नको रशीदभाई. मी काय बोलले होते ते..."

"हात पुढं करा," ते म्हणाले. मी केला. "नऊ," त्यांनी मोजलं. त्यांनी आकडा तीनदा म्हटला नाही, हळूच एकदाच म्हटला.

मी खिशातून शिट्टी काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तिच्याकडे प्रेमाने बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. "ह्या हंगामाला न्हाई. पुढच्या." उठले, कोब्यावर सांडलेलं पाणी बघितलं आणि खराटा शोधायला लागले, कुणी घसरू नये म्हणून.

मी त्याच संध्याकाळच्या एस.टी.ने निघाले. पुढचा हंगाम त्यांनी पाहिला, शिट्टीही फुंकली, असं आरतीने कळवलं होतं. चारही गावांना दुसरा पंच चालला नाही. त्या हंगामानंतर ते गेले, ते मला महिन्याने कळलं. त्यामुळे माझ्यापाशी रशीदभाई आहेत ते त्या गुरुवारचेच. मी ओली मूठ मिटून फाटकापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं, तेव्हा ते एका कोपऱ्यात पाठमोरे बसले होते. मांडीवर लाल जाळी, हातात दाभण. आरती शेजारी बसून त्यांना साधी, पक्की, न सुटणारी गाठ कशी मारायची ते शिकवत होती, आणि प्रत्येक गाठ मारून झाली की ते तिला विचारत होते, "तू बघितलंस का?"